‘गेम चालतात की!’

बेळगावात गणपत गल्ली, खडेबाजारच्या परिसरात एप्रिल-मेच्या सुट्टीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाबाहेर दहा मिनिटं उभं राहिलं तरी हा संवाद कानावर पडतो. टीव्हीला लावायच्या बॉक्सचं खोकं हातात घेऊन गिऱ्हाईक विचारतं, “ह्यात गेम पण चालतात काय हो?” काउंटरमागून उत्तर येतं, “चालतात की! प्ले स्टोअर आहे त्यात.” पोरगं खूश, बापही खूश, कारण तीन-चार हजारांत दोन कामं झाली. पंधरा दिवसांनी तोच बॉक्स फक्त मालिका दाखवत असतो आणि पोरगं पुन्हा मोबाईलवर.

दोष दुकानदाराला द्यायचा नाही. खोक्यावर जे छापलंय तेच तो सांगतो. प्रश्न आहे तो खोक्यावर ‘गेमिंग’ हा शब्द छापणाऱ्यांचा. या बॉक्सची चिप कमकुवत असते हे खरंच आहे, पण ते अर्धंच कारण. उरलेलं अर्धं हे की बॉक्स बनवणारा, त्यात अँड्रॉइडसारखी प्रणाली पुरवणारा, गेम लिहिणारा आणि विकणारा या चौघांपैकी खेळणाऱ्याचा विचार करणं हे कुणाचंच काम नाही.

आधी बॉक्स घरात येतो कसा ते पाहू. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर इथल्या मराठी घरांत तो येतो मुख्यतः मालिका, सिनेमे आणि क्रिकेटसाठी. कर्नाटकच्या केबल-डिश पॅकमध्ये कन्नड वाहिन्यांचा भरणा असणं स्वाभाविक आहे. मराठी वाहिन्या वेगळ्या जोडून घ्याव्या लागतात, मग त्यापेक्षा वायफाय घेऊन ओटीटी लावलेलं बरं वाटतं. बनवणाऱ्याचाही हिशोब तोच. बॉक्स कमी नफ्यावर विकायचा आणि पुढची कमाई वर्गणीतून, जाहिरातींतून काढायची. त्यामुळे व्हिडिओ नीट चालण्यापुरतीच चिप आत बसते. तिच्यावर आणखी पाचशे रुपये खर्च केले तर मालिका काही जास्त चांगली दिसणार नाही.

इथेच ‘4के’ या छापाची गफलत आहे. 4के चित्रात 3840 गुणिले 2160, म्हणजे सुमारे 83 लाख ठिपके असतात. एवढं चित्र जो बॉक्स सेकंदाला साठ वेळा दाखवतो तो गेम का दाखवू शकत नाही, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. उत्तर असं की व्हिडिओ आधीच तयार असतो. तो उलगडायचं काम चिपमधला एक वेगळा, फक्त त्याच कामासाठी बनवलेला भाग करतो. गेममधलं प्रत्येक चित्र मात्र त्या क्षणी नव्यानं रंगवावं लागतं आणि ते काम ग्राफिक्सच्या भागाचं, म्हणजे जीपीयूचं. बॉक्समध्ये पहिला भाग दणकट असतो, दुसरा किरकोळ. वर्षानुवर्षं स्वस्त बॉक्समध्ये वापरली गेलेली अ‍ॅमलॉजिकची एस905एक्स चिप घ्या. ती 4के व्हिडिओ सहज चालवते, पण तिच्यातला माली-450 हा जीपीयू ओपन जीएल ईएस 2.0 च्या, म्हणजे गेमनं जीपीयूकडून चित्र काढून घ्यायच्या जुन्या पद्धतीच्या, पुढं जात नाही. ज्या गेमला 3.0 लागतं तो तिथं प्ले स्टोअरमध्ये दिसतच नाही आणि घरचे समजतात, नेट स्लो आहे. त्यानंतरच्या चिपमध्ये माली-जी31 आला. तो व्हल्कन या त्याहून नव्या पद्धतीपर्यंत जातो, पण ताकदीनं साध्या मोबाईलच्याही मागेच आहे. आणखी एक मेख म्हणजे चिप 64 बिटची असूनही अनेक बॉक्सवर अँड्रॉइड 32 बिटचं घातलेलं असतं, कारण त्याला रॅम कमी लागते. जो गेम फक्त 64 बिटसाठी बनलाय तो मग बसतच नाही.

रॅमचा प्रकार तर डोळ्यांनी दिसतो. 1 ते 2 जीबी रॅम, त्यातला मोठा हिस्सा अँड्रॉइड, होम स्क्रीन आणि गूगलच्या सेवा खाऊन बसतात. गेमनं आणखी जागा मागितली की प्रणाली आधी मागची अ‍ॅप बंद करते आणि तरीही भागलं नाही तर खुद्द गेमच बंद करते. कसलीही सूचना येत नाही. शर्यतीच्या तिसऱ्या फेरीत गाडी वळणावर असताना एकदम होम स्क्रीन समोर येतो. गेम ‘हँग’ झाला असं लोक म्हणतात, पण प्रत्यक्षात त्याला बाहेर काढलेलं असतं. बॉक्स रीसेट करून त्यावर उपाय होत नाही.

साठवणुकीचं गणित त्याहून सोपं. 8 जीबीच्या बॉक्समध्ये सुरुवातीलाच साडेचार-पाच जीबी हाती लागतात. चार ओटीटी अ‍ॅप आणि त्यांची कॅशे, म्हणजे साठत जाणाऱ्या तात्पुरत्या फायली, वाढत जाऊन उरतं एक-दीड. गेम उतरवताना आकार लहान दिसतो, पहिल्यांदा उघडल्यावर तो आणखी फायली मागतो आणि तिथं अडकतो. पेन ड्राइव्ह लावून जागा वाढवता येते, पण स्टिकला, म्हणजे थेट टीव्हीत खोचायच्या छोट्या बॉक्सला, एकच मायक्रो यूएसबी तोंड असतं, त्यातूनच वीज येते. म्हणजे वीज आणि डेटा दोन्ही घेणारी ओटीजी वायर आणायची, आणि एवढं करून स्वस्त पेन ड्राइव्हच्या संथपणामुळं गेम दर थोड्या वेळानं गचके खाणार.

आता उष्णता. बेळगाव शहरात उन्हाळा त्यातल्या त्यात सुसह्य, पण अथणी, रायबागकडं मे महिन्यात टीव्हीच्या पाठीमागे खोचलेली स्टिक काय सोसत असेल ते हात लावला की कळतं. तिला पंखा नसतो. व्हिडिओ बघताना चिप निवांत असते. गेम सुरू झाला की तापते आणि ठरावीक तापमानाला पोचल्यावर स्वतःचा वेग उतरवते. म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं गेम छान चालतो आणि मग रखडायला लागतो. सोबत मिळालेली छोटी एचडीएमआय वायर बहुतेक घरांत खोक्यातच पडून असते. ती लावून स्टिक टीव्हीपासून चार बोटं लांब आणली तर उष्णताही कमी होते आणि वायफायही सुधारतं. टीव्हीच्याच यूएसबीतून वीज घेणं हा दुसरा घोळ. जुन्या यूएसबी तोंडातून अर्धा अ‍ॅम्पियर मिळतो, स्टिकला एक लागतो. मालिकेपुरतं भागतं, गेममध्ये चिपनं जोर लावला की स्टिक आपोआप बंद होऊन परत सुरू होते. सोबतचा अ‍ॅडाप्टर वापरला की हा आजार जातो.

एवढं सगळं चिपच्या माथी मारून मोकळं होता आलं असतं. पण मग एनव्हिडियाच्या शील्डचं काय करायचं? 2015 साली आलेल्या या अँड्रॉइड टीव्ही बॉक्समध्ये टेग्रा एक्स1 ही चिप होती. 2017 च्या मार्चमध्ये निन्टेन्डोनं स्विच हे खास गेमचं यंत्र आणलं, त्यातही टेग्रा एक्स1 च. स्विच 15 कोटींहून अधिक विकला गेला. शील्ड हौशी लोकांच्या पलीकडे गेला नाही. एकाच चिपची ही दोन नशिबं पाहिली की लक्षात येतं, फरक तिच्याभोवतीच्या गोष्टींत होता. स्विच घेणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कंट्रोलर, म्हणजे गेम खेळायचा बटणांचा हातातला संच, होता. गेम लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की समोरचं यंत्र नेमकं हेच, रॅम एवढीच, बटणं इतकीच. बॉक्सच्या दुनियेत यातलं काहीच ठाऊक नसतं.

कंट्रोलरवरूनच सगळं घोडं अडतं. 2014 मध्ये अ‍ॅमेझॉननं फायर टीव्ही आणला तेव्हा गेमवर बराच भर होता, स्वतःचा गेम स्टुडिओही होता. बॉक्स 99 डॉलर, कंट्रोलर वेगळा, आणखी 40 डॉलर. साहजिकच बहुतेकांनी तो घेतला नाही. अ‍ॅपलनं 2015 मध्ये अ‍ॅप स्टोअर असलेला अ‍ॅपल टीव्ही काढला आणि नियम केला की प्रत्येक गेम सोबतच्या रिमोटवरही खेळता आलाच पाहिजे. एका बोटानं घासायच्या रिमोटवर जो गेम चालेल तोच बनणार, मग मोठे गेम कोण आणणार? जून 2016 मध्ये अ‍ॅपलनं तो नियम मागे घेतला. सुरुवातीला डाउनलोडची मर्यादा फक्त 200 एमबी होती, ती 2017 च्या जानेवारीत 4 जीबी झाली. तोवर गेमवाल्यांचा उत्साह ओसरला होता. माइनक्राफ्ट या लोकप्रिय गेमची खास आवृत्ती डिसेंबर 2016 मध्ये तिथं आली आणि 2018 च्या सप्टेंबरात बंद झाली.

कुणी म्हणेल, मग कंट्रोलर खोक्यातच द्या, झालं. तेही करून झालंय. औया नावाचा बॉक्स 2012 मध्ये लोकवर्गणीतून 85 लाख डॉलरहून अधिक जमवून उभा राहिला, 2013 मध्ये 99 डॉलरना आला, कंट्रोलरसकट. त्याच्यासाठी मुद्दाम लिहिलेले गेम मोजकेच निघाले, बाकी मोबाईलचेच मोठ्या पडद्यावर. जून 2019 मध्ये त्याचे सर्व्हर बंद झाले. नुसता कंट्रोलर देऊन भागत नाही, नुसती चिप देऊनही नाही. पाच वर्षं एकच यंत्र ठेवून, त्यासाठी गेम लिहवून घेऊन, तोटा सोसायची तयारी लागते. जो बॉक्स मालिकांच्या वर्गणीवर जगतो त्याचा मालक हे कशाला करेल?

आपल्याकडं हा पेच आणखी घट्ट होतो, कारण आपली गेम खेळणारी पिढी थेट मोबाईलवर वाढली. बीजीएमआयसारखा गोळीबाराचा गेम असो की क्रिकेटचे गेम, सगळे बोटांनी खेळायचे. अँड्रॉइड टीव्हीच्या प्ले स्टोअरमध्ये जागा मिळवायची तर गेमला टचस्क्रीन सक्तीची नाही आणि तो टीव्हीसाठीही आहे, असं बनवणाऱ्यानं जाहीर करावं लागतं, आणि तो रिमोटच्या बाणांवर किंवा कंट्रोलरवर चालावा लागतो. बहुतेक जण करत नाहीत, म्हणून तेच स्टोअर टीव्हीवर उघडलं की निम्मं रिकामं दिसतं. मग एखादा हुशार पोरगा पेन ड्राइव्हवरून गेमची फाइल टाकतो. गेम उघडतोही, पण “सुरू करण्यासाठी स्पर्श करा” या ओळीवर थांबून राहतो. टीव्हीला कुठं स्पर्श करणार? माउस जोडला की एक बोट मिळतं, त्या गेमला दोन अंगठे हवे असतात.

आणि टीव्ही मोकळा कधी असतो? घरात टीव्ही एक. संध्याकाळी सात ते दहा आजी-आईच्या मालिका, शनिवार-रविवार क्रिकेट. मोबाईल ज्याचा त्याचा, टीव्ही सगळ्यांचा. गेमसाठी रोज तास-दीड तास टीव्ही अडवणं हे कुठल्याही चिपपेक्षा अवघड काम आहे.

तरीही कुणी कंट्रोलर आणून बसलाच, तर पुढचा शत्रू उशीर. सेकंदाला साठ चित्रं म्हणजे एका चित्राला 16.7 मिलिसेकंद. बटण दाबल्यापासून ब्लूटूथनं खबर पोचायला काही मिलिसेकंद, गेमला हिशोब करून चित्र काढायला दोन-तीन चित्रांचा वेळ, आणि मग टीव्ही स्वतः ते चित्र ‘सुधारत’ बसतो. रंग गडद करणं, हालचाल गुळगुळीत करणं यात नेहमीच्या मोडवर सहज 50 ते 100 मिलिसेकंद जातात. उडी मारायचं बटण वेळेवर दाबलं तरी पात्र खड्ड्यात पडतं ते यामुळं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये पिक्चर मोड ‘गेम’ करा, ही सुधारणा फुकट आहे आणि सगळ्यांत मोठी आहे. बॉक्स ज्या एचडीएमआय तोंडाला लावलाय त्याच तोंडावर असताना करा, कारण पुष्कळ टीव्हींत ही निवड तोंडागणिक वेगळी राहते. मालिका बघताना रंग फिके वाटले तर परत बदलावं लागेल, आणि रिमोट कुणाच्या हातात असतो ते वर सांगितलंच आहे.

ब्लूटूथ कंट्रोलर मधूनच अडखळत असेल तर वायफायकडं बघा. ब्लूटूथ आणि 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय एकाच पट्ट्यात बोलतात, स्टिकमध्ये अँटेनाही अगदी शेजारी. बॉक्स 5 गिगाहर्ट्झवर नेला की ही झटापट थांबते. पण खानापूरकडच्या चिऱ्याच्या जाड भिंतीतून 5 गिगाहर्ट्झ धड पलीकडं जात नाही. तिथं राउटर टीव्हीच्या खोलीत आणणं किंवा लॅन वायर ओढणं हाच मार्ग, आणि स्टिकला लॅनचं तोंड नसतं, वेगळा अ‍ॅडाप्टर लागतो.

आता क्लाउडवाले म्हणतात, चिपची काळजीच सोडा, गेम आमच्या सर्व्हरवर चालेल, तुमचा बॉक्स फक्त व्हिडिओ दाखवेल. युक्तिवाद वजनदार आहे, कारण व्हिडिओ दाखवणं हेच तर बॉक्सचं बलस्थान. पण मालिका चालते ती आधीच पुढचं अर्धं मिनिट उतरवून ठेवून. मध्ये दोन सेकंद नेट गेलं तरी कळत नाही. गेममध्ये पुढचं चित्र तुमच्या बोटावर अवलंबून असतं, ते आधी उतरवून ठेवता येत नाही. म्हणून नेटचा वेग कमी महत्त्वाचा, त्याची नियमितता जास्त. बेळगाव मुंबई आणि बेंगळुरू दोन्हींपासून रस्त्यानं साधारण 500 किलोमीटरवर. फायबरमधून प्रकाशाला एवढं अंतर जाऊन यायला पाचेक मिलिसेकंद पुरतात. म्हणजे भूगोल आपल्या विरोधात नाही. तुमचा डेटा कुठल्या गावाहून वळसा घालून जातो आणि संध्याकाळी आठला तुमच्या गल्लीतल्या जोडणीवर किती घरं बसलेली असतात, यावर मात्र सगळं ठरतं. वर्गणी भरण्याआधी लॅपटॉपवरून रात्री आठच्या सुमाराला त्या सेवेच्या जवळच्या सर्व्हरला शंभर पॅकेटचं पिंग लावा, म्हणजे शंभर छोटे निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा. सरासरी 30 आणि कमाल 40 मिलिसेकंद आली तर खेळा. सरासरी 25 पण कमाल 180 असेल तर पैसे ठेवून द्या.

डेटाचाही हिशोब करा. 1080पी (फुल एचडी) आणि सेकंदाला साठ चित्रं यासाठी साधारण 25 एमबीपीएस लागतात, म्हणजे तासाला 11 जीबी. रोज दोन तास खेळलं तर महिन्याला 660 जीबीच्या वर. फायबरला हे झेपतं. महिन्याला 1,000 जीबीची मर्यादा असलेल्या वायरलेस प्लॅनवर बाकी घरानं काय बघायचं? शिवाय वळवाच्या दिवसांत लाईट गेली की बॉक्स आणि राउटर दोन्ही बंद. फायबरच्या डबीला आणि राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की निदान लाईट आल्यावर जोडणीची वाट बघावी लागत नाही.

या सगळ्या गोंधळात बाजाराचा एक कोपरा भरभरून चालतो, तो म्हणजे ‘दहा हजार गेम’ असलेली स्टिक, दोन वायरलेस कंट्रोलरसकट. त्यात जुन्या यंत्रांची नक्कल करणारं सॉफ्टवेअर आणि परवान्याशिवाय भरलेले गेम असतात, एकच गेम वेगवेगळ्या नावांनी कितीतरी वेळा. कायद्याचं बाजूला ठेवलं तरी सांगावं लागेल की पोरांना मजा इथेच येते, कारण कंट्रोलर खोक्यात आहे आणि गेम त्या कंट्रोलरसाठीच लिहिलेले आहेत. बड्या कंपन्यांना जे उमगलं नाही ते या नकली मालानं सिद्ध केलंय. धोका त्याच्या वायफायवाल्या भावंडांत आहे. 2023 च्या जानेवारीत टी95 नावानं विकल्या जाणाऱ्या स्वस्त अँड्रॉइड बॉक्सच्या मूळ फर्मवेअरमध्येच, म्हणजे आत कायमच्या बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्येच, मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) सापडलं. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं बॅडबॉक्स 2.0 या मालवेअर लागलेल्या उपकरणांच्या जाळ्याबद्दल इशारा दिला, त्यातही असे बॉक्स होते. घरच्या नेटवरून परके उद्योग चालतात आणि घरच्यांना पत्ता नसतो. रीसेट करून हे जात नाही, कारण ते कारखान्यातूनच आलेलं असतं.

म्हणून मागणी करायची ती चिप वाढवण्याची नको, छापील माहितीची हवी. खोक्यावर ‘गेमिंग’ लिहायचं असेल तर चार गोष्टी त्याच आकाराच्या अक्षरांत असाव्यात: पहिल्या सेटिंगनंतर प्रत्यक्ष मोकळी राहणारी जागा, जीपीयूचं नाव, कंट्रोलर आत आहे की नाही, आणि अपडेट कुठल्या सालापर्यंत मिळतील. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर दंडाची तरतूद आहे, 1915 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, बेळगावात जिल्हा ग्राहक आयोग आहे. सेटटॉप बॉक्स आणि व्हिडिओ गेम हे दोन्ही 2012 च्या आदेशानुसार बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) सक्तीच्या नोंदणीत आहेत. खोक्यावर ‘आर-’ आणि पुढं आठ आकडे असतात, ते दुकानातच बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये घालून पाहा. कंपनीचं नाव जुळलं नाही तर खोकं परत द्या. आधीच घेतलेल्या बॉक्सची खरी रॅम आणि चिप एआयडीए64 हे अ‍ॅप दाखवतं.

मग बॉक्सवर काहीच खेळू नये? खेळावं की. बुद्धिबळ, कॅरम, ल्युडो, एका बटणाचे गेम, कोडी, हे रिमोटवर व्यवस्थित चालतात आणि त्यांना उशिराचं सोयरसुतक नसतं. खरी संधी मात्र कुणी फारशी वापरलेली नाही. घरात कंट्रोलर नाही, पण चार मोबाईल आहेत. टीव्हीवर प्रश्न किंवा पट, आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर त्याची उत्तरं. टीव्हीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की मोबाईलच्या ब्राउझरमध्येच बटणं येतात, कुणाला काही बसवावं लागत नाही. नाव-गाव-फळ-फूल, भेंड्या, म्हणी ओळखणं याला माली-450 पुरतो, 100 एमबीत मावतं. सीमाभागातल्या एका गल्लीत मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी पोरं एकत्र खेळतात. तोच प्रश्न प्रत्येकाच्या मोबाईलवर त्याच्या भाषेत दाखवता येतो, हे टीव्हीच्या एकट्या पडद्यावर जमणारं नाही.

असं काही लिहायला बसणाऱ्या बेळगाव-कोल्हापूरच्या पोरांसाठी दोन-तीन सूचना. पडद्याच्या चारही कडांना पाच टक्के जागा सोडा, जुने टीव्ही कडा कापतात. जोडाक्षरं दहा फुटांवरून वाचता यावीत म्हणून 1080पी वर 40 पिक्सेलच्या खाली जाऊ नका, आणि फॉन्ट गेममध्येच घाला, बॉक्समध्ये नीट देवनागरी-कन्नड फॉन्ट असेलच असं धरू नका. मोबाईल आणि बॉक्स एकाच वायफायवर असूनही एकमेकांना सापडत नसतील तर राउटरमध्ये एपी आयसोलेशन, म्हणजे वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून तोडणारं सेटिंग, चालू आहे का बघा. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवर ते बहुधा चालूच असतं, आणि खेळायला आलेली शेजारची पोरं नेमकी त्याच वायफायवर असतात.